जेवणात फायबर वाढवायचं कसं? सांगली-साताऱ्याच्या घरांतून वारंवार येणारे प्रश्न

मी मिरजेत आहारसल्ल्याचं काम करते. समोर बसणारी माणसं जत, कवठेमहांकाळ, तासगाव, वाळव्याकडची, कधी माण-खटावहून आलेली. कुणाची शुगर वाढलेली, कुणाला मूळव्याध, कुणाचं चार-चार दिवस पोट साफ नाही. डॉक्टरांच्या कागदावर 'हाय फायबर डाएट' असं लिहिलेलं असतं आणि पहिला प्रश्न येतो, "मॅडम, हे फायबर कुठल्या मेडिकलमध्ये मिळतं?" हा प्रश्न ऐकला की जीव तुटतो, कारण विचारणाऱ्याच्या रानात शाळू (रब्बीची ज्वारी) उभा असतो आणि परड्यात शेवगा. पुढचे प्रश्न अशाच माणसांनी विचारलेले आहेत.

फायबर म्हणजे नेमकं काय?

धान्य, कडधान्य, भाज्या आणि फळांचा जो भाग आपल्या पाचकरसांनी पचत नाही तो फायबर. पुस्तकात त्याला तंतुमय पदार्थ म्हणतात, घरात चोथा म्हणतात. दूध, दही, अंडी, मटण, मासे, तेल, तूप, साखर यांत तो मुळीच नसतो. उसात भरपूर असतो, पण तो सगळा चिपाडात जातो. रसात, काकवीत आणि गुळात त्याचा मागमूस उरत नाही.

मेथीदाणे रात्री भिजत घालून सकाळी बोटाने चाचपून बघा, बुळबुळीत लागतात. तो पाण्यात विरघळणारा फायबर. जवस, ओट्स, इसबगोल, भेंडी यांत तो असतो. पोटात त्याची खळ होते आणि जेवणातली साखर रक्तात सावकाश उतरते. गव्हाचा कोंडा मात्र पाण्यात विरघळत नाही, नुसता फुगतो. तो मळाला भरीवपणा देतो आणि पुढे ढकलतो. बहुतेक धान्यांत आणि भाज्यांत दोन्ही मिसळून असतात, त्यामुळे घरात बसून त्यांची वेगवेगळी मोजणी करायची गरज नाही.

पचतच नाही तर खायचं कशाला?

आपल्याला पचत नाही, पण मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंना त्यातला बराचसा भाग पचतो. ते त्याला आंबवतात, इडलीचं पीठ आंबतं तसंच. त्यातून काही आम्लं तयार होतात. त्यांतलं ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं मुख्य इंधन आहे. म्हणजे आपण टाकाऊ समजून जे चाळून काढतो, त्यावर आपल्या आतड्याचं अस्तर पोसलं जातं.

दिवसाला किती लागतं?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली मोठ्या माणसांसाठी दिवसाला किमान २५ ग्रॅम सांगितलं आहे, तेही अन्नातूनच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशी साधारण २५ ते ४० ग्रॅमच्या घरात येतात. रानात राबणाऱ्या माणसाचं जेवण जास्त, म्हणून त्याचा फायबरही जास्त.

आमच्याकडे रोज भाकरी होते. मग आणखी वेगळं काय खायचं?

भाकरी होत असेल तर निम्मं काम झालं. आकडेच बघू. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम फायबर असतो. बाजरी, नाचणी आणि अख्खा गहू यांत ११ च्या आसपास. पॉलिश केलेल्या तांदळात आणि मैद्यात जेमतेम ३. कडधान्यात खरी दौलत आहे: अख्ख्या हरभऱ्यात २५, अख्ख्या मुगात १७, मटकीत १५ च्या आसपास. हरभऱ्याची साल निघून डाळ झाली की २५ चे १५ होतात, आणि तूरडाळीत ९ च राहतात.

आता ताट मांडू. ज्वारीच्या दोन भाकरी म्हणजे सव्वाशे ग्रॅमच्या आतबाहेर पीठ, त्याचे १२ ग्रॅम. वाटीभर मटकीच्या उसळीचे ४-५. कृष्णाकाठच्या वांग्यांची किंवा गवारीची भाजी, ४. आमटीतल्या डाळीचे २. शेंगदाण्याची चटणी चमचा-दोन चमचे, एक-दीड. दुपारी एक पेरू, त्याचे ८-९. झाले की तीसच्या वर, आणि यातलं काहीच दुकानातून 'आरोग्याचं' म्हणून आणलेलं नाही.

पण हल्ली मी लोकांना कालचं जेवण लिहून द्यायला सांगते तेव्हा कागदावर वेगळंच उतरतं. सकाळी चहा-खारी. दुपारी दोन चपात्या, बटाटा, भात-आमटी. संध्याकाळी चहा-टोस्ट. रात्री पुन्हा भात. याची बेरीज पंधरा-सोळाच्या पुढे जात नाही. जत तालुक्यातल्या एका बाईंनी असाच कागद दिला होता. घरचा शाळू होता, चांगला सात-आठ पोती. त्या म्हणाल्या, "शाळू इकला. रेशनचा गहू-तांदूळ येतोय की, आन् पोरांना भाकरी नको." त्यांच्यावर रागवायचा मला काय अधिकार? शाळवाला भाव आला तर विकावाच लागतो. मी एवढंच म्हटलं की पुढच्या सुगीला दोन पोती घरात ठेवा. दुष्काळी भागातल्या माणसांच्या ताटात बाजरी, हुलगा (कुळीथ) आणि मटकी हक्काने होती. तिथेच आज शुगर आणि बद्धकोष्ठाचे पेशंट वाढलेले बघणं मला फार जड जातं.

पीठ चाळायचं की नाही?

खडे, काडी-कचरा दळणाआधी धान्य पाखडून आणि निवडून काढावा. पीठ झाल्यावर मात्र चाळू नये. अगदी चाळायचंच तर मोठ्या भोकांच्या चाळणीने, किडे-जाळी बघण्यापुरतं.

लहानपणी आमच्या घरी दळण आलं की आई परातीवर चाळण धरून तळहाताने थापट्या मारायची. खाली पांढरंशुभ्र पीठ, वर तपकिरी कोंडा. तो कोंडा पाटीत जायचा आणि संध्याकाळी म्हशीच्या आंबोणात. म्हैस तकतकीत होती. आजीचं पोट मात्र कायम तक्रारीचं, आणि रोज रात्री ती चूर्ण घ्यायची. तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही. गव्हाचा बहुतेक फायबर त्याच तपकिरी भागात असतो. लोह, जस्त आणि ब गटातली जीवनसत्त्वंही तिथेच.

न चाळलेल्या पिठाच्या चपात्या कडक होतात ही तक्रार खरी आहे. कणीक थोडी सैल मळा, झाकून अर्धा तास मुरू द्या. कोंड्याला पाणी प्यायला वेळ मिळाला की चपाती मऊ पडते. गिरणीवाल्याला बारीक दळायला सांगितलं तरी चालतं.

कडधान्य खाल्लं की पोट गुबारतं. काय करू?

फायबर सोडून देण्याचं हे सगळ्यांत मोठं कारण. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून सोमवारी सकाळी मटकी, दुपारी राजमा, रात्री सॅलड, आणि बुधवारी पोट ढोलासारखं. मग 'आपल्याला हे मानवत नाही' असं ठरवून माणूस पुन्हा खारीवर येतो.

वर सांगितलेल्या जिवाणूंना एवढ्या कामाची सवय राहिलेली नसते. सवय लागायला दोन-तीन आठवडे जातात. पहिल्या आठवड्यात एका जेवणात अर्धी वाटी उसळ, तीही दिवसाआड. पुढच्या आठवड्यात थोडी वाढवा. वात बराच कमी होतो.

दुसरं, भिजवणं. कडधान्य रात्रभर, आठ-दहा तास भिजवा आणि ते पाणी ओतून द्या. वात करणाऱ्या साखरा त्या पाण्यात बऱ्याच उतरतात. फडक्यात बांधून मोड आणले तर आणखी कमी होतात, आणि लोह अंगी लागण्याच्या आड येणारं फायटेटही घटतं. वर लिंबू पिळलंत तर लोह आणखी चांगलं शोषलं जातं. हिंग, आलं, ओवा घालायची आपली रीत आहेच.

कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, आणि चवीला तो आहेच तसा. पण घेवडा किंवा राजमा अर्धाकच्चा कधीही खाऊ नये. कच्च्या दाण्यात असं द्रव्य असतं की उलट्या-जुलाब होतात. भिजवलेलं पाणी टाका, खळखळून उकळा, दाणा बोटाने सहज चेपला पाहिजे.

पाणी किती प्यायचं?

फायबर वाढवून पाणी वाढवलं नाही तर बद्धकोष्ठ उलट जास्त होतं. कोंडा पाणी ओढून घेतो, ते मिळालं नाही तर तो आतच घट्ट बसतो. दिवसाला आठ-दहा पेले, उन्हात काम असेल तर त्याहून जास्त. लघवी फिकट पिवळी राहिली म्हणजे पुरेसं पाणी पोटात जातंय. ज्यांना हृदयाच्या किंवा किडनीच्या आजारामुळे पाणी मोजून दिलंय त्यांनी डॉक्टरांचंच माप पाळावं.

इसबगोल रोज घेतलं तर सवय लागते का?

नाही. इसबगोल म्हणजे गुजरात-राजस्थानात पिकणाऱ्या एका झाडाच्या बियांचं टरफल, निव्वळ फायबर. सोनामुखीची चूर्णं आतड्याला चाबूक मारून काम करून घेतात, त्याचं तसं नाही. एक-दोन चमचे पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्यायचं, वर आणखी पाणी. कोरडं कधीही तोंडात टाकू नका, घशात फुगून अडकतं. गिळायला त्रास असलेल्या म्हाताऱ्या माणसांना देऊच नका. इतर गोळ्या आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर ठेवा. थायरॉइडची गोळी असेल तर चार तासांचं.

मात्र इसबगोल घेतो म्हणून भाजी नको, हा हिशोब चुकीचा. पेरूतलं क जीवनसत्त्व आणि मटकीतलं प्रोटीन त्या डब्यात नाही.

शुगर आहे. भाकरी कितीही खाल्ली तर चालते ना?

नाही. हा गैरसमज आमच्या भागात घट्ट बसलाय. "चपाती सोडली, आता भाकरीच खातो," असं सांगणारे काका एका बैठकीला चार भाकरी खात होते आणि शुगर का उतरत नाही म्हणून हवालदिल झाले होते. ज्वारीतही भरपूर स्टार्च आहे. फायबरमुळे त्याची साखर सावकाश चढते, पण चढतेच.

भाकरी एक किंवा दीड, आणि ताटाचा निम्मा भाग भाजी-कोशिंबिरीने भरलेला. आधी काकडी, मुळा, गाजर, कांद्याची पात खा, मग उसळ, आणि भाकरी त्यांच्याबरोबर. भात हवा असेल तर भाकरी तेवढी कमी करा. मेथीदाण्यांवर राष्ट्रीय पोषण संस्थेत अभ्यास झालेले आहेत, आणि ते जेवणानंतरची साखर कमी चढू देतात. पण गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना मेथी जास्त प्रमाणात सुरू केली तर साखर खाली जाऊ शकते. डॉक्टरांना सांगून करा आणि गोळ्या मनाने बंद करू नका.

कोलेस्टेरॉल कमी होतं का?

होतं, थोडं पण खात्रीने. विरघळणारा फायबर आतड्यात पित्ताला धरून बाहेर नेतो. नवं पित्त बनवायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरतं. ओट्स, सातू, जवस, सफरचंद, भिजवलेली कडधान्यं हे सगळं उपयोगी. जवस भाजून चटणी करा. अख्खा दाणा चावला गेला नाही तर तसाच बाहेर पडतो.

आमच्याकडे द्राक्षं, डाळिंबं, बेदाणे मुबलक आहेत. रस काढून प्यावा का?

फळ खावं, रस पिऊ नये. रस गाळला की चोथा गाळण्यात राहतो आणि साखर पेल्यात. आटपाडीचं डाळिंब दाण्यासकट चावून खा. द्राक्षांत फायबर तसा कमीच, शंभर ग्रॅमला एक-सव्वा ग्रॅम, तरी सालीसकट खाल्लेली बरी. तासगावचे बेदाणे म्हणजे सुकवून दाट केलेली साखरही आहे. मूठभर नको, दहा-बारा पुरे, आणि शुगर असेल तर तेही विचारून. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी हंगामात जरूर खा. पण रोजच्यासाठी विचाराल तर मी पेरू सांगेन. स्वस्त आहे, दारात येतो, आणि फायबरच्या बाबतीत महागड्या परदेशी फळांना मागे टाकतो.

उपवासाच्या दिवशी पोट हमखास जड होतं. का?

साबुदाण्यात फायबर जवळजवळ नसतोच, तो निव्वळ स्टार्च आहे. वर बटाटा, तूप, दिवसभर चहा, आणि पाणी कमी. दुसऱ्या दिवशी पोट साफ होईल कसं? चतुर्थी, एकादशी, गुरुवार असे महिन्यातले सात-आठ दिवस धरणाऱ्या बायका मी बघते. त्यांच्या तक्रारीचं मूळ बरेचदा इथेच सापडतं.

उपवास सोडायची गरज नाही. सालीसकट उकडलेलं रताळं, राजगिऱ्याची भाकरी, शेंगदाण्याची आमटी आणि वरीचा भात, काकडीची कोशिंबीर, एखादं फळ एवढं केलं तरी तो दिवस फायबरचा होतो. खिचडी खायचीच तर वाटीभर, आणि दाण्याचा कूट सढळ हाताने.

पोरं भाजीला हात लावत नाहीत.

दोन वर्षांपुढच्या मुलांसाठी एक जुना अंदाज आहे: वयात पाच मिळवा, तेवढे ग्रॅम. सात वर्षांच्या पोराला १२. धपाट्यात, थालीपीठात, मेथीच्या पराठ्यात भाजी आपोआप जाते. शाळेतून आल्यावर चिप्सच्या पुड्याऐवजी उकडलेल्या शेंगा, मक्याचं कणीस, मीठ लावलेला पेरू किंवा भाजलेले हरभरे पुढे ठेवा. भुकेलं पोर समोर असेल ते खातं. भडंग हवंच असेल तर त्यात शेंगदाणे आणि डाळं वाढवा, कारण चुरमुऱ्यात स्वतःचा चोथा फारसा नसतो. आणि घरातली मोठी माणसं ताटात भाजी टाकून उठत असतील तर पोरांना सांगून उपयोग होत नाही.

आजोबांना दात नाहीत. त्यांना भाकरी कशी द्यायची?

आमटीत किंवा दुधात कुस्करून, जशी पूर्वीपासून देतात तशी. ज्वारीच्या कण्या ताकात शिजवून, नाचणीची आंबील, हुलग्याचं माडगं, मऊ शिजलेली चाकवताची किंवा शेपूची गरगटी भाजी. म्हातारी माणसं रात्री उठावं लागतं म्हणून पाणी टाळतात. त्यांना सकाळपासून दुपारपर्यंत आठवणीने पाणी द्या.

गरोदरपणात?

बद्धकोष्ठ या दिवसांत साहजिक असतं, लोहाच्या गोळ्यांनी ते वाढतं. गोळी सोडू नका. मोडाच्या उसळी, पालेभाज्या, फळं वाढवा आणि थोडं चाला. गोळी चहाबरोबर घेऊ नका.

पाकिटावर 'हाय फायबर' लिहिलेली बिस्किटं चालतील?

शंभर ग्रॅममध्ये ६ ग्रॅम फायबर असला की पाकिटावर 'हाय फायबर' लिहिता येतं. आपल्या ज्वारीच्या पिठात १० आहे, आणि त्याच्या पिशवीवर कुणी काही छापत नाही. चार बिस्किटांचं वजन पंचवीस-तीस ग्रॅम, त्यातून मिळणार दीड-दोन ग्रॅम, सोबत साखर आणि तेल. पाकीट उलटून घटक वाचा. पहिलं नाव मैद्याचं असेल तर पुढचं वाचायची गरज नाही.

फायबरने आतड्याचा कॅन्सर टळतो का?

धोका कमी होतो, टळतो असं नाही. डेनिस बर्किट नावाचे आयरिश सर्जन युगांडात बरीच वर्षं काम करत होते. भरड धान्य आणि कंदमुळं खाणाऱ्या तिथल्या खेड्यांत बद्धकोष्ठ, मूळव्याध आणि आतड्याचा कॅन्सर हे इंग्लंडच्या मानाने फार कमी दिसतात, हे त्यांनी १९७० च्या दशकात ठासून मांडलं. त्यांच्या सगळ्याच गोष्टी नंतर तशाच्या तशा टिकल्या नाहीत. पण अख्खं धान्य आणि फायबर खाणाऱ्यांत मोठ्या आतड्याचा कॅन्सर कमी आढळतो, हे पुढच्या अनेक अभ्यासांत दिसलं आहे.

फायबर कुणी जपून घ्यावा, आणि डॉक्टरांना कधी दाखवायचं?

किडनीचा आजार असेल तर कडधान्यं, फळं, पालेभाज्या यांतलं पोटॅशियम-फॉस्फरस बघावं लागतं. वरचं ताट तुमच्यासाठी नाही, तुमच्या डॉक्टरांना विचारा. आतड्याचं ऑपरेशन झालेलं, आतडं अरुंद झालेलं, आतड्याला सूज असलेलं किंवा दुर्बिणीची तपासणी ठरलेली असेल तर काही काळ फायबर उलट कमी करायला सांगतात.

आणि हे कृपा करून लक्षात ठेवा. शौचातून रक्त जाणं, काळा मळ, कारण नसताना वजन उतरणं, पन्नाशीनंतर अचानक पोटाची सवय बदलणं, पोट फुगून उलट्या होणं आणि वारा न सरणं, यावर घरी फायबर वाढवत बसू नका. 'मूळव्याधच असेल' म्हणून लाजून सहा-सहा महिने काढलेली माणसं मी बघितली आहेत. बायका तर घरात सांगतसुद्धा नाहीत. तपासणी दहा मिनिटांची असते.

किती दिवसांत फरक कळतो?

पोट साफ व्हायला बहुतेकांना आठवडा-दहा दिवस. मूळव्याधीचा जाच कमी व्हायला महिना, कारण कुंथणं थांबल्यावरच सूज उतरते. कोलेस्टेरॉलची तपासणी दोन महिन्यांनी पुन्हा करा, शुगरची तीन महिन्यांची सरासरी तीन महिन्यांनी. तोवर एका वहीत दोनच गोष्टी लिहा: काल काय खाल्लं आणि आज पोट कसं होतं. पुढच्या वेळी येताना रिपोर्टबरोबर ती वहीही आणा, मी आधी तीच बघते.